मनोरंजनाचा बंदोबस्त

सहलीला निघणाऱ्याने घराच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताना आपले स्वातंत्र्यही बरोबर घ्यावे, आणि उद्याच्या दुपारी आपण कोठे असू हे त्याला आज रात्री ठाऊक नसावे, अशी माझी जुनी धारणा आहे. परंतु ही धारणा मी ज्या सूनबाईपुढे मोठ्या आत्मविश्वासाने मांडली, तिच्यासमोर त्या वेळी संगणकाच्या पडद्यावर एक तक्ता उघडा होता, आणि नोव्हेंबरातील त्या मुक्कामाचा प्रत्येक दिवस त्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्यांनी व्यापून टाकलेला होता. चिरंजीव आणि सूनबाई न्यू जर्सीत राहतात. आम्ही उभयता त्यांच्याकडे आलो असताना दोन्ही नातवंडांना घेऊन फ्लॉरिडातील ऑर्लँडोनजीकच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचे, हे मुक्रर झाले होते. वाद जाण्याविषयी नव्हता. किती ठरवून जावे, एवढ्यापुरताच होता.

"माझी सारी हयात मुलकी खात्याच्या दप्तरात गेली," मी म्हणालो. "निवृत्त होऊन, सातासमुद्रापलीकडे येऊन, मुलांच्या खेळाच्या जागी जातानाही मी तक्ताच पाहायचा काय?"

"नाना, तक्ता नसला तर काय होते ते आधी ऐका," ती म्हणाली. "तिथे बसून जेवायचे तर जागा साठ दिवस आधी राखता येते, आणि चांगल्या जागा त्याच पहाटे संपतात. खेळांची जी झटपट रांग आहे, लाइटनिंग लेन म्हणतात तिला, तिच्या वेळा त्यांच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी आणि बाहेर उतरणाऱ्यांना तीन दिवस आधी निवडता येतात. सकाळी सातला या निवडीचे दार उघडते. तीन खेळ आधी घ्यायचे, एक वापरला की पुढचा मागायचा. त्याचे पैसे वेगळे, आणि गर्दीच्या दिवशी दर चढा. हे माहीत नसलेला माणूस सकाळी दहाला हसत आत शिरतो आणि दुपारी दोनला रडक्या मुलांना घेऊन सावली शोधत फिरतो."

या विषयाचे थोडेबहुत वाचन मीही करून ठेवले होते, आणि म्हाताऱ्या माणसाला आपले वाचन वाया जाऊ द्यायला आवडत नाही. मी तिला सांगितले की, पूर्वी तेथे खेळागणिक तिकिटांची पुस्तके मिळत, ती पद्धत १९८२ साली बंद झाली. १९९९ मध्ये फास्टपास आला तेव्हा तो फुकट होता, खेळाच्या दाराशी जाऊन कागदाची चिठ्ठी घ्यायची आणि तीवर छापलेल्या वेळी परत यायचे, म्हणजे नियोजनाची मजल फार तर त्याच दिवसाच्या संध्याकाळपर्यंत जाई. पुढे तीच चिठ्ठी संगणकावर जाऊन महिना-दोन महिने आधी राखून ठेवायची वस्तू झाली. आणि २०२० च्या टाळेबंदीत ती बंद पडल्यावर २०२१ मध्ये तिचा जो पुनर्जन्म झाला तो सशुल्क झाला. "या सगळ्या काळात," मी विचारले, "खेळाच्या एका गाडीत बसणारी माणसे वाढली काय? तासाला जितकी माणसे तो पाळणा फिरवू शकतो तितकीच तो फिरवतो. तू रांगेत पुढे गेलीस, याचा अर्थ रांग लहान झाली असा होत नाही; कोणी तरी मागे गेला, एवढाच होतो. म्हणजे तुझ्या या तक्त्याने जगातील आनंदात एका कणाचीही भर पडत नाही, तो फक्त एकाच्या ओंजळीतून दुसऱ्याच्या ओंजळीत जातो."

मला वाटले होते, येथे संभाषण संपेल.

"तुम्ही पुण्याहून नागपूरला जाताना आरक्षण करता की नाही?" तिने विचारले. "रेल्वेने २०२४ च्या नोव्हेंबरात आगाऊ आरक्षणाची मुदत एकशेवीस दिवसांवरून साठ दिवसांवर आणली, तेव्हा तुम्हीच फोनवर कुरकुर केली होती. तत्त्वासाठी जनरलच्या डब्यातून किती वेळा गेलात?"

"त्यात भेद आहे. मी बर्थ राखून ठेवल्याने जनरलच्या डब्यातील माणूस नागपूरला उशिरा पोहोचत नाही. गाडी एकच. इथे दोन रांगा जेथे मिळतात तेथे जो मनुष्य तैनात असतो, तो झटपट रांगेतल्यांना घोळक्याने सोडतो आणि साध्या रांगेतल्यांना अधूनमधून. ज्याने पैसे भरले नाहीत त्याचा वेळच कापून तुला दिला जातो."

"कबूल," ती म्हणाली, आणि तिने ते इतक्या सहजपणे कबूल केले की मला थोडे अस्वस्थच वाटले. "पण मी तक्ता फाडला, तर माझी सात वाजताची वेळ त्या साध्या रांगेतल्या माणसाला मिळेल का? नाही. ती सात वाजून एका मिनिटाने जागा झालेल्या दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. म्हणजे माझी मुले मागे राहतील, आणि ज्याच्याबद्दल तुम्हाला कळवळा आहे तोही होता तिथेच राहील."

"लाच देणारा प्रत्येक इसम कचेरीत माझ्यापुढे हेच बोलत असे."

"लाच टेबलाखालून असते, नाना. हा दर सगळ्यांना दिसतो."

"दर छापला म्हणून अन्याय धुऊन निघत नाही, तो फक्त नियमित होतो."

"मग नियम करणाऱ्याशी भांडा. पाच वर्षांच्या मुलीला तासभर उन्हात उभे करून त्या भांडणाचा खर्च तिच्याकडून का वसूल करता?"

याला उत्तर आहे, असे मला अजूनही वाटते; पण ते मला त्या वेळी सापडले नाही, म्हणून मी बाजूने शिरलो. नोव्हेंबराचा हाच आठवडा का निवडला, असे मी विचारले. ती म्हणाली, जूनमध्ये शाळा सुटतात खऱ्या, पण फ्लॉरिडात त्या दिवसांत दुपारी गडगडाटी पाऊस येतो, विजेच्या भयाने उघड्यावरचे खेळ थांबवतात. उलट नोव्हेंबराच्या आरंभी न्यू जर्सीतील शिक्षकांची वार्षिक परिषद असते, शाळांना सुटी असते, आणि हवा सौम्य असते. "आणि हाच विचार," मी म्हणालो, "न्यू जर्सीतील हजारो सुज्ञ मातापित्यांनी केल्यामुळे त्या आठवड्याला तिकडे 'जर्सी वीक' असे नावच पडले आहे. गर्दी टाळण्यासाठी शोधलेला आठवडा सर्वांनी मिळून गर्दीचा केला. हे तुमच्या नियोजनाचे फलित."

"म्हणूनच तर तक्ता हवा," ती शांतपणे म्हणाली.

नियोजनाचे अपयश हेच अधिक नियोजनाचे कारण ठरावे, हा युक्तिवाद मी सरकारी योजनांच्या बाबतीत आयुष्यभर ऐकत आलो. स्वतःच्या घरात ऐकण्याचा योग प्रथमच आला. तेव्हा मी खुद्द डिस्नेसाहेबांनाच साक्षीला काढले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे पहिले उद्यान उघडले, तेव्हा बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन लोक घुसले, ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या, आणि नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची सोय तोकडी पडली. पुढे फ्लॉरिडात त्यांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांआडून सुमारे २७ हजार एकर जमीन गुपचूप विकत घेतली आणि तेथे एप्कॉट नावाचे भविष्यातील आदर्श नगर वसविण्याचा संकल्प सोडला. १९६६ मध्ये ते वारले. १९७१ साली तेथे जे उघडले ते मनोरंजनाचे उद्यान, आणि १९८२ साली एप्कॉट या नावाने जे उघडले तेही उद्यानच. ज्या नगरात माणसे राहणार होती ते कागदावरच राहिले. "एवढ्या मोठ्या योजकाची ही गत," मी म्हणालो, "मग आपण दुपारच्या खेळाच्या वेळा रंगवून काय साधणार?"

"पहिल्या दिवशी फजिती झाली म्हणून त्यांनी पुढचे उद्यान न ठरवता बांधले का? उलट, पहिल्या उद्यानाच्या कुंपणालगत बाजार उभा राहिला म्हणूनच दुसऱ्या वेळी एवढी जमीन घेतली. आणि तुम्ही वाचलेच आहे तर हेही वाचले असेल: मॅजिक किंगडम या तिथल्या उद्यानात ज्याला आपण जमीन समजून चालतो, ती जमीन नव्हेच. तो वरचा मजला आहे. खाली भुयारासारखे रस्ते आहेत, आणि माल, कचरा, पोशाख केलेली माणसे, सारे तिथून ये-जा करते. मध्ययुगीन किल्ल्यासमोर कचऱ्याची गाडी दिसू नये म्हणून. तिथे तुम्ही विनातक्ता, मनाला येईल तसे भटकलात, तरी कोणत्या वळणावर काय दिसावे हे दुसऱ्याने ठरवलेलेच असणार. प्रश्न ठरवायचे की नाही हा नाहीच. कुणी ठरवायचे, एवढाच आहे."

मी जरा थांबलो. मग रांगेची बाजू घेतली. रांगेतला वेळ सगळाच वाया जातो, हे मला मान्य नाही. आजोबा आणि नातवंडे एकमेकांना बांधल्यासारखी तासभर उभी राहतात, अशी संधी न्यू जर्सीतील घरात, जेथे प्रत्येकाच्या हातात निराळा पडदा असतो, क्वचित येते. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ साली दाखवून दिले आहे की, रिकामा वेळ लांब वाटतो आणि भरलेला आखूड. मग तो वेळ गोष्टींनी भरणे हे माझे काम. सूनबाईने ही सूचना उत्तम म्हणून मान्य केली, तक्त्यात एका खेळापुढे 'नाना – गोष्ट' असे लिहिले, आणि ती पुढे गेली.

पुढे म्हणजे उंचीकडे. नातीची उंची १०९ सेंटीमीटर. स्पेस माउंटन या खेळाला ११२ लागते. तिने घरातल्या भिंतीवर खूण करून मुलीला महिनाभर आधीच सांगून ठेवले होते. आशा इतक्या लवकर मोडू नये, असे मी म्हणालो. "भिंतीपाशी मोडली ती अर्ध्या तासात विसरली," ती म्हणाली. "तिथे दारावर, भाऊ आत जात असताना मोडली असती, तर तो दिवस गेला असता." हा मुद्दा मी सोडून दिला.

एवढ्यात चिरंजीव पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. मी त्यांचे मत विचारले. "तुम्ही दोघे ठरवा," ते म्हणाले, "मला काहीही चालेल." आणि ते गेले.

तेव्हा सूनबाईने संगणकावरून नजर काढली. "ऐकलेत? याला तुम्ही मोकळेपणा म्हणता. लोकही म्हणतात, किती शांत स्वभाव आहे याचा. पण नाना, याला काहीही चालते, कारण कुणाला तरी काहीही चालत नाही. तुम्ही मघापासून विचारता आहात की माझ्या तक्त्याने रांगेतला कोण मागे गेला. तुम्ही न ठरवता फिरता तेव्हा कोण मागे जाते, ते कधी विचारलेत? आई साठ-सत्तर सालच्या गोष्टी सांगतात ना, तुम्ही संध्याकाळी अचानक म्हणायचात, 'चला, उद्या महाबळेश्वर', आणि सगळे निघायचे. रात्री दशम्या कोण करत होते?"

बाजूच्या खोलीत आमची सौभाग्यवती जपमाळ ओढीत होती. माळ थांबल्याचे मला जाणवले, पण ती काही बोलली नाही.

तक्त्याच्या शेवटच्या दिवसापुढे, एका ओळीत, बारीक अक्षरांत 'संकष्टी' असे लिहिले होते, आणि पुढे एक वेळ होती. ती ऑर्लँडोच्या चंद्रोदयाची वेळ होती. बाहेरचे खाणे आत नेऊ देतात, फक्त काचेची भांडी नकोत, हे पाहून तिने आपल्या सासूसाठी साबुदाण्याच्या खिचडीचा डबाही नोंदवून ठेवला होता. त्या रात्री किल्ल्यावर आतषबाजी पाहताना सासूला उपास कधी सोडायचा हे कुणाला विचारावे लागू नये, इतका पुढचा विचार माझ्या कचेरीत एखाद्या कारकुनाने केला असता, तर मी त्याच्या बढतीची शिफारस केली असती. परंतु याने माझा मूळ आक्षेप खोडला जात नाही, असेही मी तिला सांगितले. कारण जो भार एकीवर पडतो तो वाटून घेणे हा एक प्रश्न, आणि तो भार इतका असावा काय, हा दुसरा. भार हलका करायचा तर निम्मे बेत कमी करावेत, अशी माझी तजवीज होती. तिचे म्हणणे, बेत कमी केले तरी विचार कमी होत नाही. तो तिथे, भर गर्दीत, दोन्ही मुले भुकेली असताना करावा लागतो, आणि तो तेव्हाही तिलाच करावा लागेल.

अखेर मी एक दुपार मागितली. जेवणापासून आतषबाजीपर्यंत काहीही न ठरवलेली, आणि जिचा जिम्मा तिच्याकडे नसून चिरंजीवांकडे व माझ्याकडे असेल अशी. तिने थोडा विचार करून दुसऱ्या दिवसाची दुपार दिली, रंग पुसून टाकला, आणि आपण त्या वेळी हॉटेलातील खोलीत झोपणार आहोत असे जाहीर केले. मी अट घातली की, त्या दुपारी आमच्यापैकी कोणाजवळही फोन असता कामा नये. नाही तर रांगेच्या वेळा पाहत बसण्याचा मोह होईल आणि मोकळी दुपार नावापुरतीच राहील. यावर ती म्हणाली की, तिकिटे फोनमध्ये, खोलीची किल्ली फोनमध्ये, खाण्याची मागणी फोनवरून, आणि मूल हरवले तर शोधायचे ते फोनवरूनच. तेव्हा फोन न्यावाच लागेल. नेला तर ती दुपार माझी नव्हे, असे मी म्हटले. न नेला तर मुले तुमच्याबरोबर येणार नाहीत, असे ती म्हणाली. चिरंजीवांना विचारण्यात अर्थ नव्हता. रात्र बरीच झाल्यामुळे हा मुद्दा तेवढ्यापुरता तहकूब ठेवण्यात आला.