कारण पुसलेली चित्रं

चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या चित्रासमोर माणूस उभा राहिला की पहिल्या अर्ध्या मिनिटात विचारतो, याचा अर्थ काय? पहाटेच्या स्वप्नाबद्दलही आपण हेच विचारतो, आणि स्वप्नफलाच्या पुस्तकात उत्तर तयार असतं. साप दिसला तर हे, पाणी दिसलं तर ते. चित्राचंही तसंच फळ काढता येतं: घड्याळ म्हणजे काळ, किल्ली म्हणजे रहस्य, पान म्हणजे नश्वरता. अर्थ लागला की पाय पुढच्या चित्राकडे वळतात. तिथून निघून जायला तो एक परवानाच मिळालेला असतो.

बरवे 1936चे, अलिबागजवळच्या नागावचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि 1961पासून विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. पहिली काही वर्षं बनारसला. तिथे तंत्रसाधनेतल्या आकृत्यांनी त्यांना ओढून घेतलं. तंत्रात त्रिकोणाला, बिंदूला ठरलेला अर्थ असतो. पुढे त्यांनी हा ठरलेपणा सोडला आणि घरातल्या साध्यासुध्या वस्तू घेतल्या. पक्क्या प्रतीकांची बाराखडी ज्याला येत होती, त्यानेच ती बाजूला ठेवली. प्रतीकं उलगडायला बसणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

कॅनव्हासवर ते इनॅमल लावत; म्हणजे आपण दाराला आणि ग्रिलला लावतो तो ऑइलपेंट. हा रंग आपसूक पसरतो, सपाट होतो, ब्रशची रेघ गिळून टाकतो. हात दिसत नाही, त्यामुळे हाताची घाईही दिसत नाही, रागही नाही. चित्रातला तो गार, अलिप्त भाव निम्मा तर डब्यातूनच येतो. भाव शोधायला चित्रकाराच्या बालपणात शिरण्याआधी रंगाच्या दुकानात डोकावून यावं. उरलेला निम्मा असतो वस्तूंच्या मधल्या जागेत. दोन वस्तू बोलायला फार लांब आणि विसरायला फार जवळ ठेवल्या की पाहणाऱ्याला हुरहुर लागते. ती हुरहुर एकट्या पानात नसते, एकट्या घड्याळातही नसते.

2019मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला अभिनेते अमोल पालेकरांचं भाषण मध्येच अडवलं गेलं, त्याची बातमी झाली. चित्रं मागे राहिली. बातमीला कारण लागतं, आणि ही चित्रं कारण पुसूनच काढलेली.

पुण्याजवळ मारुंजीत आमच्या सोसायटीच्या गेटाशी एक जुनी दगडी विहीर आहे. शेत गेलं, बांध गेला, विहीर राहिली. तोंडावर लोखंडी जाळी, कडेला पिवळे पट्टे मारलेले, आणि रोज सकाळी तिला खेटून पाण्याचा टँकर उभा. कोणी हे जसंच्या तसं कॅनव्हासवर काढलं, तर आपण तास तास चर्चा करू. गेटाशी मात्र कुणी थबकत नाही, कारण हे कसं घडलं ते सगळ्यांना पाठ आहे: जमीन कधी विकली, नळाला पाणी का नाही, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये किती. कारणं माहीत असली की जाग असते, नसली की स्वप्न. चित्रकार फक्त कारणं काढून घेतो, वस्तू तशाच ठेवतो. आपण अर्थ लावतो म्हणजे ती कारणं परत आणून बसवतो, तीही आपल्या घरची.

बरव्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत लिहिलं, 1990मध्ये आलं. आकार, अवकाश, वस्तू यांवर त्यात पुष्कळ आहे. चित्रांच्या किल्ल्या शोधायला गेलेला वाचक मात्र चिडतो. मला तरी ती चीड त्या पुस्तकाची जमेची बाजू वाटते.

शेजारचा पहिलीतला मुलगा परवा विहिरीच्या त्या जाळीवर पालथा पडून आत बघत होता. विहीर कशाचं प्रतीक आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आत मासे आहेत का, एवढंच त्याने विचारलं. मीही वाकून पाहिलं. जाळी फार बारीक आहे.