बीजिंगचा अग्रलेख कोणासाठी?

2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरील जकात 145 टक्क्यांपर्यंत चढविली आणि चीनने अमेरिकी मालावर 125 टक्के जकात बसवून तिला उत्तर दिले, तेव्हापासून आपल्याकडील भाष्यकार चिनी वृत्तपत्रांविषयी दोन मते सारख्याच निश्चयाने मांडीत आले आहेत. एक मत असे की, जेथे संपादकाची नेमणूक पक्ष करतो तेथील वृत्तपत्र म्हणजे केवळ सरकारी कर्णा असून ते वाचण्यात वेळ दवडणे व्यर्थ होय. दुसरे मत असे की, ‘पीपल्स डेली’ या पक्षाच्या मुखपत्राने ‘आधी बजावले नव्हते असे मागाहून म्हणू नका’ अशा अर्थाचे निर्वाणीचे वाक्य छापले की तोफा सज्ज झाल्या असे समजावे. कारण 25 डिसेंबर 1978 रोजी ते व्हिएतनामला उद्देशून छापले गेले आणि पुढच्याच फेब्रुवारीत चिनी फौजा सरहद्द ओलांडून गेल्या. ही दोन्ही मते चुकीची तर आहेतच, शिवाय चीनच्या शेजारी नांदणाऱ्या राष्ट्राला ती घातक आहेत, म्हणून त्यांचा समाचार घेणे मला अवश्य वाटते.

दुसऱ्या मताचा निकाल लवकर लागतो. तेच वाक्य 29 मे 2019 रोजी अमेरिकेला उद्देशून, दुर्मीळ खनिजांच्या संदर्भात, त्याच पत्राने छापले. युद्ध तर राहोच, पण त्या वर्षी खनिजांची निर्यातही थांबली नाही. सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन आले ते 2025 च्या एप्रिलात, आणि पुढच्याच महिन्यात जिनिव्हा येथे उभय पक्षांनी जकातीत मोठी कपात मान्य केली. या मताला विद्वत्तेचा आधार मिळतो तो ॲलन व्हाइटिंग या अमेरिकी अभ्यासकाचा. 1962 चे भारत-चीन युद्ध आणि इंडोचीनमधील संघर्ष यांवरील आपल्या 1975 च्या ग्रंथात, चिनी इशारे पायरीपायरीने कसे चढत जातात हे त्याने दाखविले. परंतु व्हाइटिंगने राजनैतिक खलिते, सैन्याच्या हालचाली आणि वृत्तपत्रीय भाषा ही तिन्ही एकत्र वाचली होती. त्याचे नाव घेणारे आज एकच वाक्य उचलून त्यावर भाकिते उभारतात.

मग पाहावे काय? माझे उत्तर असे होते की, प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या दूषणांपेक्षा त्याचा कोणता मजकूर आपल्या पृष्ठावर येऊ दिला आहे, तो पाहावा. 14 जुलै 1963 रोजी सोव्हिएत पक्षाने चीनविरोधी जाहीर पत्र प्रसिद्ध केले, तेव्हा ‘पीपल्स डेली’ने 20 जुलैला ते समग्र छापले; आणि सप्टेंबरपासून पुढच्या जुलैपर्यंत सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह याच्यावर नऊ प्रदीर्घ टीकालेख सोडले. निक्सनचे अध्यक्षपद स्वीकारतानाचे भाषणही त्या पत्राने 28 जानेवारी 1969 रोजी संपूर्ण छापले, शेजारी जळजळीत टीका घालून. ज्याच्याशी बोलण्याची शक्यता मनातून पुसलेली नाही, त्याचेच शब्द असे अखंड छापले जातात असा माझा तर्क होता. मग 25 डिसेंबर 1970 रोजी पहिल्या पानावर माओ आणि एडगर स्नो हा अमेरिकी पत्रकार यांचे ऑक्टोबरातील राष्ट्रीय दिनाचे छायाचित्र झळकले. तो वॉशिंग्टनला दिलेला संकेत होता, पण तो इतका आडवळणाचा होता की आपल्या लक्षातच आला नाही, असे निक्सनचा सल्लागार किसिंजर याने पुढे लिहिले.

त्या छायाचित्राचा अधिक विचार करता व्हाइटिंगची संकेतमीमांसा आणि माझी पृष्ठमीमांसा, दोन्ही अपुऱ्या वाटू लागतात. वीस वर्षे ज्या राष्ट्राला जगाचा शत्रू म्हणून चिनी मुलांना शिकविले, त्या राष्ट्राच्या अध्यक्षाचे स्वागत करायचे तर आधी आपल्याच पक्षाला तयार करावे लागणार होते. माओने स्नोशी केलेल्या संभाषणाचे टिपण 1971 मध्ये पक्षसभासदांपर्यंत पोहोचविण्यात आले ते याचसाठी. किसिंजरला तो संकेत कळला नाही, तरी प्रांतोप्रांतीच्या पक्ष-अंमलदारांना तो कळला असल्यास त्याचे पहिले काम झालेच होते. चिनी मुखपत्राचा पहिला वाचक चिनी अधिकारी असतो. परराष्ट्राचे नाव घेऊन त्यात जे लिहिले जाते, त्याचा मोठा भाग अंतर्गत राज्यकारभाराचा असतो, आणि म्हणून अग्रलेखाच्या उग्रतेवरून बाहेरचा इरादा मापण्यापेक्षा आतला ताण मापणे अधिक सयुक्तिक ठरते.

पहिले मत, कर्ण्याचे, येथेच कोसळते. कर्ण्याला स्वतःचे मन नसते. या पत्राला संपादक होते, आणि त्यांतील देंग तुओविषयी मला विशेष बोलावेसे वाटते. 1949 पासून मुख्य संपादक असलेल्या या विद्वान इतिहासप्रेमी गृहस्थाच्या कारकिर्दीत 1 जुलै 1956 रोजी ‘पीपल्स डेली’ चार पानांवरून आठ पानांचे झाले आणि त्यात मतभेदांना थोडी जागा मिळू लागली. पुढच्या वर्षी माओने पक्षावर टीका करण्यास बुद्धिजीवींना आवाहन केले, तेव्हा देंगने त्या भाषणांना तत्परतेने प्रसिद्धी दिली नाही. मेलेल्या माणसांनी पत्र चालविले आहे, अशा आशयाच्या शब्दांत माओने त्याची कानउघाडणी केली आणि त्याची जागा वू लेंगशीला मिळाली. काहीच आठवड्यांत, आवाहनाला मान देऊन बोललेल्यांवर ‘उजवे’ असा शिक्का बसला व लक्षावधी आयुष्ये उद्ध्वस्त झाली. देंगची दिरंगाई भित्रेपणाची होती असे कोणी म्हणो. मला तीत धन्याच्या शब्दाचा अनुभव घेतलेल्या माणसाची सावध करुणा दिसते. 1961 मध्ये त्याने ‘महान पोकळ बोल’ या अर्थाच्या मथळ्याखाली एक लहानसा निबंध लिहिला. भव्य शब्द जुळवून निरर्थक कविता करणाऱ्या मुलाचे त्यात चित्र आहे, आणि त्या कवितेत पूर्वेचा वारा उपकारकर्ता व पश्चिमेचा वारा शत्रू ठरलेला आहे. 1957 मध्ये मॉस्कोत माओने पूर्वेच्या वाऱ्याचा विजय घोषित केला होता, हे ज्यांच्या स्मरणात होते त्यांना निबंधाचा रोख कळला. सांस्कृतिक क्रांतीच्या आरंभी देंगच्या लेखांवर हल्ले चढविण्यात आले आणि 18 मे 1966 रोजी त्याने प्राण दिला. प्रतिस्पर्धी सत्तेविषयीची घोषणावजा भाषा आपल्याच देशाला आतून पोखरते, हे चीनमध्ये राहून सांगणारा हा संपादक होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर आपण त्याच पत्राला निर्जीव यंत्र म्हणावे हे मला सहन होत नाही.

‘ग्लोबल टाइम्स’चा प्रश्न वेगळा आहे. 1993 मध्ये ‘पीपल्स डेली’च्याच घरात जन्मलेल्या या पत्राला पक्षनिष्ठेबरोबर विक्रीही सांभाळावी लागली, आणि राष्ट्राभिमान बाजारात खपतो हे हू शीजिन या संपादकाने ओळखले. आपल्या वाहिन्या या पत्राचीच वाक्ये ‘चीनची धमकी’ म्हणून दाखवितात, कारण ती इंग्रजीत आयती मिळतात. खपासाठी लिहिलेल्या मजकुराला राज्यनिर्णयाचे वजन देणे हा आपल्या वाचकांवर अन्याय आहे.

लास्लो लादानी या हंगेरियन जेसुइट धर्मगुरूने हाँगकाँगमध्ये बसून 1953 ते 1982 चिनी वृत्तपत्रे व आकाशवाणी यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. चीनकडे चिनी चष्म्यातून पाहा, असा त्याचा आग्रह असे. आज बंगळुरूच्या तक्षशिला संस्थेत मनोज केवलरामानी ‘पीपल्स डेली’चे नित्य वाचन इंग्रजीत उपलब्ध करून देतात. मराठी दैनिकांनी आठवड्यातून एक स्तंभ तरी अशा वाचनाला द्यावा, त्यात प्रत्येक लेखाखाली कोणाची सही आहे, तो कोणत्या पृष्ठावर आहे आणि त्याच दिवशी प्रांतांना कोणता आदेश गेला, हे सांगावे, आणि त्यासाठी चिनी भाषा जाणणारा एक तरुण पगारावर ठेवावा, एवढीच माझी संपादकांकडे मागणी आहे.