कथेचा क्रम आणि कथाकाराचें दायित्व

कथालेखनाचें तंत्र कोठें शिकावें, असा प्रश्न केल्यास आमच्या साहित्यरसिकांकडून थोर कादंबरीकारांचीं नांवें पुढें येतात. दूरदर्शनवरील मालिकेचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. घेतल्यास ऐकणारा नाक मुरडतो. वर्षानुवर्षें लांबत जाणाऱ्या मालिका पाहिल्या म्हणजे हें नाक मुरडणें अगदींच अन्यायाचें आहे, असें आम्हांसही म्हणवत नाहीं. परंतु एका मालिकेनें कथाकारांस असा धडा घालून दिला आहे कीं, त्यांत तंत्र कोठें संपतें आणि नीति कोठें सुरू होते, हें सांगणें कठीण व्हावें. ती मालिका म्हणजे गोविंद निहलानी यांनीं दिग्दर्शित केलेली ‘तमस’.

तिचें मूळ भीष्म साहनी यांच्या याच नांवाच्या हिंदी कादंबरींत आहे. साहनी रावळपिंडीचे; फाळणीपूर्वींच्या तेथील दंगली त्यांनीं पाहिलेल्या. परंतु कादंबरीचें बीज अंकुरलें तें आमच्या मुंबईच्या वेशीवर. १९७० सालीं भिवंडी येथें दंगल झाल्यावर ते तेथें गेले, आणि तेथील उद्ध्वस्त वस्ती पाहून त्यांच्या मनांतली रावळपिंडी पुन्हा जागी झाली. कादंबरीस १९७५ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, व जानेवारी १९८८ मध्यें मालिका आठवड्यास एक भाग याप्रमाणें दाखविण्यांत आली. गिरगांवच्या चाळींत काय किंवा परळ-लालबागच्या कामगारवस्तींत काय, त्या काळीं एका घरच्या संचापुढें सारा शेजार जमे. त्या शेजाऱ्यांपुढें ही कथा आली.

कथेचा आरंभ असा आहे. नथू नांवाचा कातड्याचें काम करणारा एक गरीब माणूस. गुरांच्या डॉक्टरास डुक्कर हवें आहे असें सांगून मुराद अली त्याच्या हातीं पांच रुपये ठेवतो. नथूस डुक्कर मारण्याची संवय नाहीं. एका कोंदट खोलींत त्याची रात्रभर झटापट चालते, आणि ती आपणांस संथपणें, जवळून दाखविली जाते. दुसऱ्या दिवशीं तें कलेवर मशिदीच्या पायऱ्यांवर सांपडतें व शहर पेटतें.

येथें कथाकारापुढें दुसरा मार्ग मोकळा होता. पायऱ्यांवरील कलेवरापासून आरंभ करावा, तें कोणीं टाकलें हें गुपित शेवटपर्यंत राखावें, व अखेरीस नथूचें नांव सांगून वाचकास धक्का द्यावा. कुतूहल ताणण्याची ही रीत जुनी आहे व ती कुचकामी नाहीं. मग साहनी व निहलानी यांनीं ती कां टाकली? आमच्या मतें याचें कारण असें कीं, त्या रीतीनें वाचक शहरांतील जमावाच्या जागीं जाऊन बसला असता. परिणाम दिसतो, हात दिसत नाहीं. अशा वेळीं प्रत्येक जण आपल्या मनांतील पूर्वग्रहास अनुसरून अपराधी निवडतो. ‘तमस’मध्यें तो हात आपण आधींच पाहिलेला असतो; तो कांपणारा, फसविला गेलेला हात आहे हेंही आपणांस ठाऊक असतें. त्यामुळें जमाव ओरडूं लागतो तेव्हां आपण त्यांत सामील होऊं शकत नाहीं. कुतूहल मात्र यानें कमी होत नाहीं. ‘एकच प्याला’ पाहणाऱ्यास सुधाकराचा पहिला प्याला कोठवर नेणार याची कल्पना आधींच येते. म्हणून कांहीं त्याचा जीव कमी तुटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, वाचकास आधीं पूर्वग्रहाच्या जाळ्यांत पडूं द्यावें आणि मग लाजवावें, हा अधिक परिणामकारक उपदेश नव्हे काय? हा आक्षेप हलका नाहीं. सबंध ग्रंथ हातीं असलेल्या वाचकाच्या बाबतींत तो कदाचित् खराही ठरेल. पण क्रमशः सांगितलेल्या कथेची गोष्ट निराळी. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून खंडशः येत असे, तेव्हांही वाचकास पुढील अंकाची वाट पाहत अर्धवट कथेसह राहावें लागे. अर्धें सत्य मनांत घेऊन माणूस आठवडाभर वावरतो, बोलतो, शेजाऱ्याकडे पाहतो. लाजविणारा शेवटचा भाग कित्येकांच्या नजरेस पडतच नाहीं.

हा भेद केवळ तर्काचा नाहीं. मालिका चालू असतांनाच ती थांबवावी म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयांत दाद मागण्यांत आली. न्यायमूर्ति लेंटिन व न्यायमूर्ति सुजाता मनोहर यांनीं ती समग्र पाहून प्रक्षेपणास मोकळीक दिली. १६ फेब्रुवारी १९८८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही तोच निर्णय केला. डळमळीत मनाच्या माणसावर काय परिणाम होईल हें न पाहतां समंजस व खंबीर माणसावर काय होईल हें पाहावें, ही नागपूरचे न्यायमूर्ति विवियन बोस यांनीं एका जुन्या निकालांत सांगितलेली कसोटी तेथें मान्य झाली. कायद्यास ती योग्यच आहे. परंतु न्यायाधीशांनीं कृति समग्र पाहिली. चाळींतील शेजाऱ्यांनीं ती तुकड्यातुकड्यांनीं पाहिली. म्हणून क्रमशः लिहिणाऱ्या कथाकाराची कसोटी न्यायालयाच्या कसोटीहून कडक असली पाहिजे: त्याचा प्रत्येक भाग एकटा पडला तरी खोटा ठरतां कामा नये.

याचें महत्त्व मुंबईस पांच वर्षांच्या आंत कळलें. जानेवारी १९९३ मध्यें शस्त्रें घेतलेले लोक समुद्रमार्गें येऊन उतरणार, अशी वार्ता उठली, आणि दादरच्या किनाऱ्यावर शिकलेल्या, पुस्तकें वाचणाऱ्या कुटुंबांतील माणसें रात्रीं पहारे देत उभीं राहिलीं. कोणी आलें नाहीं. अफवा हीही एक क्रमशः कथाच असते. तिला कुतूहल राखतां येतें, भय चढवितां येतें, नेमक्या क्षणीं थांबतां येतें. तंत्रांत ती कोणत्याही कथाकारास हार जाणार नाहीं. तिच्यांत एकच गोष्ट नसते: ती हात कधींच दाखवीत नाहीं.

कादंबरीच्या अखेरीस शांततेच्या घोषणा देत फिरणाऱ्या मोटारींत मुराद अलीच पुढें बसलेला असतो. शहरास तो शांततेचा कार्यकर्ता वाटतो. आपणांस तसें वाटूं शकत नाहीं, कारण पांच रुपयांची ती नोट आपण विसरलेलों नसतों. येथें लेखकास टीकेचें एक वाक्यही लिहावें लागत नाहीं. पहिल्या पानावर ज्यानें वाचकाशीं प्रामाणिकपणा राखला, त्यास शेवटच्या पानावर उपदेश करावा लागत नाहीं, हें त्या तंत्राचें फळ होय.

आमच्या तरुण कथाकारांनीं चांगल्या मालिका अवश्य पाहाव्या, प्रसंग कोठें तोडला व संवाद कोठें थांबविला हें टिपून ठेवावें. मात्र टिपतांना आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा: हें मीं वाचकापासून लपविलें तें त्यास अधिक पाहतां यावें म्हणून, कीं तो अंधारांत माझ्या मुठींत राहावा म्हणून?