कारखानदार आणि सात नंबरचं आयर्न

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका गृहस्थांचा प्रेसकामाचा कारखाना होता. साठी उलटली, कारभार मुलाच्या हाती गेला आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. नुसतं चालणं काही त्यांच्या स्वभावात बसेना. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नादानं ते येरवड्याला गोल्फ खेळायला जाऊ लागले.

सुरुवातीचे महिने उसन्या स्टिकांवर निघाले. मग स्वतःचा सेट घ्यायचं ठरलं. दुकानदारानं दोन सेट पुढं मांडले. एका सेटच्या स्टिकांची डोकी जाडसर, तळ रुंद, पाठ आतून पोखरलेली. दुसऱ्याची डोकी पातळ, घडीव, लखलखीत. खेळाडू त्यांना ब्लेड म्हणतात. टायगर वूड्स ब्लेडनंच खेळतो हे कारखानदारांना ठाऊक होतं. शिवाय त्यांना पोलादाची पारख होती. घडीव काम पाहिल्यावर हात तिकडंच गेला. "तो जाड सेट शिकाऊ पोरांना द्या," असं म्हणून त्यांनी ब्लेडचे पैसे मोजले. आपणही कुठंतरी शिकाऊच आहोत, हे साठीनंतर माणसाच्या लक्षात राहत नाही.

त्यांचा हँडिकॅप होता ३६. म्हणजे जे मैदान मुरलेला खेळाडू ७२ फटक्यांत संपवतो, तिथं यांचे १०८ होणं हा चांगला दिवस. नव्या सेटनं तेही होईनात. डिसेंबरच्या सकाळी चेंडू स्टिकच्या टोकाला लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत आणि चेंडू उजवीकडच्या झाडीत जाई. तीन आणि चार नंबरच्या आयर्ननं, म्हणजे धातूच्या डोक्याच्या लांब स्टिकांनी, तर तो जमीनच सोडत नसे. दोष आधी गवताला, मग वाऱ्याला आणि शेवटी पिशवी वाहणाऱ्या कॅडीला मिळू लागला.

कॅडी त्यांच्याच वयाचा. मैदानावर सगळे त्याला मामा म्हणत. एके दिवशी तो म्हणाला, "साहेब, आज खेळू नका. रेंजवर चला."

रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, मामानं त्यांच्या सात नंबरच्या तोंडावर पाटीवर लिहायच्या मार्करचा पट्टा फिरवला आणि दहा चेंडू मारायला लावले. चेंडू लागेल तिथली शाई निघते, त्यामुळं लबाडीला जागा नसते. एक खूण टोकाला, एक दांड्याजवळ, दोन पार खालच्या कडेला. एका जागी दोन अशा फारशा नव्हत्याच. समोर चेंडू वाटाण्यासारखे विखुरले होते.

"माझ्या कारखान्यात असा माल आला असता तर सगळा रिजेक्ट केला असता," कारखानदार पुटपुटले.

मामानं शेजारच्या खेळाडूकडून त्याचं सात नंबर मागून आणलं. तेच जाड, पोखरलेल्या पाठीचं. पुन्हा शाई, पुन्हा दहा चेंडू. खुणा पाहिल्या तर तितक्याच विस्कटलेल्या. हात तोच, चूक तीच. पण चेंडू या वेळी बरेचसे एकाच पट्ट्यात पडले होते आणि दोन-तीन सोडले तर सगळे हवेत उठले होते.

"चूक सुधारली नाही साहेब," मामा म्हणाला, "चुकीचा दंड कमी झाला."

कारखानदारांनी ती स्टिक उलटी धरून पाठ न्याहाळली. मधलं पोलाद काढून कडेला नेलेलं, तळाशी जास्त ठेवलेलं. मग त्यांचे तेच बोलू लागले. प्रेसच्या फ्लायव्हीलचं वजन रिममध्ये का ठेवतात, हे त्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं. वजन मध्यापासून लांब असलं की वस्तू सहजासहजी फिरत नाही. चेंडू टोकाला लागला तरी हे डोकं हातात कमी वळणार. वजन खाली, म्हणून चेंडू लवकर उठणार. तळ रुंद, म्हणून जमिनीत कमी रुतणार.

हा शोध लावणारा माणूसही इंजिनिअरच होता. कार्स्टन सोलहाइम हे नॉर्वेत जन्मलेले, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरीला. गोल्फ हाती घेतला चाळिशी उलटल्यावर, आणि पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडं ढकलणं, काही जमेना. मग १९५९ मध्ये त्यांनी गॅरेजमध्ये एक पटर बनवला, वजन दोन्ही टोकांना नेलेला. त्याच्या आवाजावरून नाव पडलं पिंग. पुढं हीच युक्ती आयर्नमध्ये आली. आज व्यावसायिक खेळाडूंतही पोखरलेल्या पाठीचे आयर्न वापरणारे पुष्कळ आहेत. गंमत म्हणजे त्यांना लाज वाटत नाही.

आपल्या कारखानदारांना मात्र वाटत होती. "यात कसब कुठं राहिलं, मामा?"

"तुमच्याकडं नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी कुठला जॉब देता?"

"टॉलरन्स जास्त असलेला. बारीक कामाचा दिला तर माल वाया जाईल, आणि पोरगा आठवड्यात पळून जाईल."

"मग स्वतःला का नाही दिला?"

कारखानदार हसले. त्या महिन्यात त्यांनी ब्लेडचा सेट मैदानावरच्या एका तरुण खेळाडूला विकला. त्याच्या शाईच्या खुणा रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा पडत; त्याच्या हातात तो सेट शोभला. यांनी जाड आयर्न घेतले, तेही जुने. तीन-चार नंबरच्या जागी हायब्रिड नावाच्या, मारायला सोप्या स्टिका आल्या, आणि दांडे मऊ, कारण साठीतल्या हाताला वेग बेताचाच. पिशवीत १४ स्टिकांपर्यंत मुभा आहे. यांनी नऊच ठेवल्या.

चेंडू अजूनही उजवीकडं वळतो. तो वळवतो यांचा हात, आणि त्यावर कुठल्याही दुकानात औषध मिळत नाही. पण आता तो झाडीऐवजी रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, थांबतो, तिथून पुढचा फटका मारता येतो.

तुम्हीही सेट घ्यायला निघाला असाल, तर मार्कर खिशात टाका. दुकानात दहा चेंडू मारू द्या म्हणा, खुणा बघा, आणि मग किंमत विचारा.