मूल दूरच्या शाळेत घालावे काय?

जून महिना जवळ आला की माणिकगडच्या डोंगरावरील घराघरांतून एकच प्रश्न निघतो, "पोराला कोठे घालायचे?" जिवती तालुक्यातील कित्येक गुड्यांवर व तांड्यांवर लहान शाळा आहे, परंतु पुढील शिक्षणाकरिता जिवती, गडचांदूर, राजुरा किंवा थेट चंद्रपूर यांकडे पाहावे लागते. ज्याच्याजवळ चार पैसे आहेत तो खाजगी वसतिगृहाच्या हायस्कुलाचे नाव काढतो. ज्याच्याजवळ नाहीत तो आश्रमशाळेचे. शिवाय आदिवासी विकास विभागाची अशी योजना आहे की, तिच्यात निवडलेली आदिवासी मुले नामांकित निवासी इंग्रजी शाळांत घातली जातात व त्यांची फी सरकार भरते. तेव्हा हा प्रश्न केवळ धनवानांचा राहिलेला नाही. यास्तव प्रिय वाचकहो, त्याचा नीतीच्या दृष्टीने विचार करू. मूल दूर पाठविणे म्हणजे आईबापांनी आपले कर्तव्य पार पाडणे होय, की ते कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात घालणे होय?

मूल घरीच ठेवावे असे म्हणणारे प्रेमाचे नाव सांगतात. परंतु पुष्कळदा त्या प्रेमाच्या पोटात दुसरेच काही असते. बकऱ्या कोणी राखाव्या, धाकट्याला कोणी सांभाळावे, या अडचणीपायी मुलगी घरी राहते व बाप म्हणतो, "तिच्यावाचून करमत नाही." ज्याला आपल्या जमिनीचा कागद वाचता येत नाही, ज्याचा वनहक्काचा दावा दुसऱ्याने लिहावा व दुसऱ्याने वाचून दाखवावा, त्याने अज्ञानाची किंमत काय असते हे कोणास विचारण्याची गरज नाही. तीच किंमत मुलाच्या माथी मारणे हे प्रेम नव्हे.

उलट पक्षी, दूर पाठविण्यातही धोका आहे. नामांकित शाळेच्या योजनेत मूल पहिलीच्या वयातच घर सोडते. ते घरी कोलामी किंवा गोंडी बोलते. ज्या वसतिगृहात ती भाषा जाणणारे कोणी नाही, तेथे रात्री त्याचे पोट दुखले तर ते कोणत्या शब्दांनी सांगेल? मुलाला शिक्षण मिळावे म्हणून आपण त्याला पाठवितो आणि पहिल्याच रात्री त्याच्या तोंडचे शब्द निरुपयोगी करतो. मूल आठ दिवस रडते, मग गप्प होते. ते रुळले असे आपण म्हणतो. परंतु रुळणे व निराश होणे, ही दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात.

इतिहासात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे पाहावयास मिळतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची गरीब मुले एका पंक्तीस जेवत व आपल्या हातांनी काम करीत. मुलांच्या जेवणास पैसा उरला नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. ती मुले दूर आली होती खरी, परंतु त्यांची भूक जिला आपली भूक वाटे अशी आई त्यांस तेथे मिळाली.

दुसरे उत्तर कॅनडा देशातले आहे. तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ मूळ रहिवाशांची मुले निवासी शाळांत नेली जात. अशी मुले सुमारे दीड लाख होती. त्या शाळांचा खर्च सरकार करी, व त्यांपैकी बहुतेक शाळा ख्रिस्ती मंडळ्या चालवीत. मुलांना आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. चौकशी आयोगाने २०१५ साली अहवाल दिला, त्यात किमान ३,२०० मुलांच्या मृत्यूची नोंद आहे; त्यांतील जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची नावेदेखील कोणी लिहून ठेवली नव्हती. तेथील अँग्लिकन मंडळीने १९९३ साली क्षमा मागितली. ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष ध्यानात धरावी. शाळेच्या दारावर चांगले नाव असले म्हणजे आत चांगुलपणा असतोच असे नाही.

आणि इतके दूर जाण्याचेही कारण नाही. २०१९ साली आपल्या शेजारी राजुऱ्यास एका खाजगी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली व वसतिगृहाच्या अधीक्षकास अटक झाली. त्या मुलींच्या आईबापांनीही विश्वासानेच त्यांस तेथे ठेविले होते.

मग निर्णय कसा करावा? आम्हांस असे वाटते की, शिकविण्याचे काम दुसऱ्यास देता येते, जबाबदारी देता येत नाही. आपण गुरे गुराख्याच्या हाती देतो, तरी सायंकाळी दावणीला किती आली हे मोजतोच. फी आपण भरो वा सरकार भरो, ती शिकविण्याची व जेवणाखाण्याची किंमत होय; बापपण काही तिने विकले जात नाही. तेव्हा ज्या शाळेत आपल्याला रोजचे बापपण दुरूनही चालविता येईल, ती शाळा योग्य. जेथे ते फाटकाशीच थांबविले जाते, ती कितीही नामांकित असो, अयोग्य.

याची परीक्षा अवघड नाही. शाळा सणाच्या दिवशी पाहू नये, सायंकाळी न कळविता जाऊन पाहावी. मुलींच्या निजण्याच्या खोलीस व संडासास आतून कडी आहे काय, रात्री तेथे बाई अधीक्षिका राहते काय, मूल आजारी पडल्यास दवाखान्यात कोण नेते, हे विचारावे. मुलाला घरी फोन करता येतो काय, व तो कोणी जवळ उभे न राहता करता येतो काय? जी मुले शाळा सोडून आली त्यांस त्याचे कारण विचारावे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलास मारणे व मानसिक त्रास देणे मना आहे, आणि संकटात १०९८ या क्रमांकावर मूल स्वतः फोन करू शकते. हे दोन्ही त्याला जाण्यापूर्वी तोंडपाठ करवावे. मूल लहान असेल, तर थोडे थांबण्यातही हानी नाही. नागभीड तालुक्यातील तळोधी (बाळापूर) येथे सरकारी नवोदय विद्यालय आहे. तेथे परीक्षा देऊन सहावीत प्रवेश मिळतो, व तोवर मूल आपले दुःख सांगण्याजोगे झालेले असते.

उपदेशक बंधूंस एक शब्द. गावात अर्ज बहुधा तुम्हीच लिहिता, आणि आईबाप तुम्ही दाखवाल तेथे अंगठा उठवितात. ज्या शाळेचे नाव तुम्ही लिहिता ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे काय? नसेल तर लेखणी खाली ठेवा आणि आधी जाऊन या. न पाहता केलेली शिफारस ही खोट्या साक्षीची धाकटी बहीण आहे.

शेवटी, सुट्टीत मूल घरी येऊन "मी परत जात नाही" असे म्हणाले, तर त्याला भित्रे म्हणू नये, व भरलेल्या फीचा हिशेब त्याच्यापुढे मांडू नये. प्रथम त्याला जेवू घालावे, मग त्याच्याच भाषेत "का?" असे विचारावे, आणि ते सगळे सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नये.