पुसणे आणि खोडणे

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीला संगणकावर चित्रे काढण्यासाठी बिनतारी चित्रपाटी घ्यावयाची होती, आणि बत्तीस वर्षे शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून घालविल्यामुळे ज्याची मजल कागद, कुंचला आणि पोस्टर रंगांच्या बाटल्या यांपलीकडे कधी गेली नाही अशा मला तिने सल्लागार म्हणून निराला बाजारातील एका दुकानात नेले. हा तिचा भाबडेपणा होता की मामाचा मान राखण्याची रीत होती, हे मी अद्याप ठरवू शकलेलो नाही.

दुकानदार मनुष्य चतुर होता. पाटीची लांबी-रुंदी, लेखणीच्या दाबाचे ८१९२ स्तर, एकदा भारित केली म्हणजे दिवसभर पुरणारी बॅटरी, असा सारा तपशील त्याने घडाघडा म्हणून दाखविला आणि हुकमाचे पान अखेरीस टाकावे तसे तो म्हणाला, "सर, कागदावर चूक झाली की कागद गेला. इथे चूक राहतच नाही. ही कळ दाबली की अनडू." वस्तुतः हा गुण त्या पाटीचा नव्हे, संगणकातील चित्रप्रणालीचा, लेखणीच्या दांड्यावरील कळ त्याला जोडता येते, एवढेच. परंतु ते वाक्य दुकानातून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून गेले नाही. चूक राहत नाही हे मला मान्य होते; पण राहिली नाही म्हणजे ती झालीच नाही काय? ज्या देशात कर्म भोगल्यावाचून सुटत नाही असे आजीच्या मांडीवरच ऐकावयास मिळते, त्या देशात केलेले न केलेले करणारी कळ चारदोन हजार रुपयांना मिळू लागली, तर तिच्याविषयी थोडा विचार करणे मला प्राप्तच होते.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगितले पाहिजे. ती एक काळी, सपाट, कोरी पाटी असते. तिच्यावर काही उमटत नाही. हात पाटीवर चालतो आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटते, त्यामुळे आरंभी काही आठवडे माणूस अंधारात चष्मा शोधावा तसा चाचपडतो. पाटीच्या पोटात बारीक तारांचे जाळे असून त्यातून विद्युत्चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. लेखणीतील तारेचे वेटोळे त्याला अनुनाद देते, आणि त्या प्रतिसादावरून लेखणी कोठे आहे व किती दाबली आहे हे पाटीला कळते. अशा लेखणीला स्वतःची बॅटरी लागत नाही. मला सर्वांत नवल वाटले ते असे की लेखणी पाटीला टेकण्यापूर्वीच, अर्धा-पाऊण सेंटीमीटर वर असतानाच, पडद्यावरील खूण हलू लागते. रेघ मात्र टेकल्यावरच उमटते. संकल्प आणि कर्म यांच्यामधील अंतर इतके मोजून दाखविणारे दुसरे यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

निवडीविषयी माझे मत मास्तरी आहे, पण ते चुकीचे नसावे. दाबाचे स्तर ४०९६ असोत वा ८१९२, मनुष्याच्या हाताला तो भेद कळत नाही. अगदी हलक्या स्पर्शाला लेखणी जागी होते की नाही, हे पाहावे. लहान पाटीचे रेखनक्षेत्र सुमारे १५ सेंटीमीटर रुंद असते, मधल्या आकाराचे २१-२२. पहिलीवर केवळ मनगट फिरते, दुसरीवर कोपर मोकळे होते, आणि ज्याला लांब, एका दमाची रेघ ओढावयाची आहे त्याने दुसरीच घ्यावी. पाटीचे व पडद्याचे लांबी-रुंदीचे प्रमाण जुळते करून घ्यावे, नाही तर हाताने वर्तुळ काढावे आणि पडद्यावर लंबवर्तुळ उमटावे, असा विपरीत प्रकार होतो व बिचारा विद्यार्थी आपल्या हातालाच दोष देत बसतो. तार नसल्याची सोय खरी आहे, पण फार मोठे चित्र असले तर रेघ किंचित मागून येते. त्या वेळी निमूटपणे तार जोडावी. याहून अधिक काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या भाषेने या बाबतीत एक भेद पूर्वीपासून करून ठेवला आहे. धूळपाटीवर मुले अक्षरे गिरवीत आणि तळहाताने धूळ सारखी करीत, ते पुसणे; सरकारी दफ्तरात कारकून चुकलेल्या आकड्यावरून आडवी रेघ मारी, वर दुरुस्त आकडा लिही व शेजारी सही करी, ते खोडणे. पुसलेले दिसत नाही. खोडलेले दिसते, आणि दिसावे म्हणूनच तसे खोडावयाचे असते. रोजकीर्दीत खरवडलेला आकडा आढळला की तपासनिसाच्या भुवया चढत, मग तो आकडा बरोबर का असेना. हा जुना दंडक संगणकाच्या युगातही मेलेला नाही: कंपन्यांच्या हिशेबाच्या प्रणालीत प्रत्येक फेरबदलाची नोंद तारीखवार राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम केंद्र सरकारने १ एप्रिल २०२३ पासून लागू केला आहे. पैशाच्या व्यवहारात पुसण्याची मुभा आपण ठेवली नाही. चित्राच्या व्यवहारात ती सढळ हाताने दिली.

हिशेबाचा विषय निघाला म्हणजे आमच्या भागातील माणसाला देवगिरी आठवल्यावाचून राहत नाही. गडाचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या दफ्तरात पैठणच्या तरुण एकनाथांकडे हिशेब होता. ताळेबंदातील एका पैचा फरक काही केल्या जाईना, म्हणून ते रात्र जागले, आणि पहाटेच्या सुमारास चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले, ही कथा चरित्रकारांनी सांगितली आहे. एका पैच्या चुकीने एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर किती होईल, असे गुरू म्हणाले, आणि कीर्तनकार तेथेच थांबतात. मला मात्र त्या कथेतील दफ्तरी बाजू अधिक मोलाची वाटते: एकनाथांपाशी त्या वहीत काही पुसलेले नव्हते म्हणून चूक सापडू शकली. एक पै कोठे तरी मिळवून बेरीज जुळविली असती, तर झोप लागली असती.

त्याच गडाच्या पायथ्याशी केलेले मागे घेण्याचा इतिहासातील एक मोठा खटाटोप होऊन गेला. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी येथे आणण्याचा हुकूम काढला, देवगिरीचे दौलताबाद झाले, उमराव, उलेमा आणि सूफी आपापला लवाजमा घेऊन एवढी वाट तुडवीत आले, आणि काही वर्षांत परतीची परवानगी सुटली. हुकूम मागे घेतला गेला. वाट मागे घेता आली नाही. त्या सूफींपैकी बुऱ्हाणुद्दीन गरीब परतले नाहीत, १३३७ मध्ये येथेच वारले, आणि खुलताबादेत त्यांचा दर्गा आहे. दिल्लीची बोली दख्खनच्या मातीत रुजून दखनी झाली. रद्द केलेल्या हुकुमाची ही फळे आजही नांदत आहेत, आणि त्यांतील बरीच गोड आहेत, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

चित्रकाराने मात्र दाखला शोधावा तो अजिंठ्यात. आमच्या शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर वाघूर नदीच्या वळणावरील त्या लेण्यांत भाताचे तूस आणि तंतू मिसळलेल्या मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरूची रेघ, मग रंग आणि अखेरीस गडद रेघेची बांधणी, असा क्रम होता. दुरुस्ती करावयाची तर वर दुसरा थर द्यावा लागे; खालचा तेथेच राही, आणि आज जेथे वरचा रंग झडला आहे तेथे तो उघडा पडतो. त्या चितारांना खोडण्याची मुभा होती, पुसण्याची नव्हती. पुढे त्याच भिंतींवर दोन निराळी कर्मे घडली. शिकारीच्या नादात तेथे पोहोचलेल्या मद्रास फौजेतील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील चित्रावर आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. हे उद्धटपणाचे कर्म. एकोणिसाव्या शतकात नक्कल करणाऱ्यांनी चित्रे उजळ दिसावीत म्हणून व्हार्निश फासले, आणि १९२० नंतर निजाम सरकारने बोलाविलेल्या लोरेन्झो चेक्कोनी प्रभृती इटालियन तज्ज्ञांनी झडू पाहणारा रंग धरून ठेवण्यासाठी लाखेचा थर दिला; ही सद्हेतूची कर्मे. नाव अद्याप वाचता येते. लाख पिवळी पडली, आणि ती अलगद काढण्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांची दशके गेली. सद्हेतू असला म्हणून भिंतीने काही सूट दिली नाही. यातूनच जतनशास्त्राने धडा घेतला की जे लावावयाचे ते पुढे काढता येईल असेच लावावे. म्हणजे अनडूची कळ ही केवळ आळशांची सोय नाही, कित्येकदा ती विनयाची खूण असते, हे मला कबूल करावे लागले.

मग भेद कोठे करावयाचा? मला त्याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी, याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात सापडले. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातक आणि प्रायश्चित्त यांचा जो विस्तृत ऊहापोह केला आहे तो चाळीत असताना ते वचन पुन्हा भेटले. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. परंतु जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत प्रायश्चित्त घेणारा केवळ व्यवहार्य होतो, म्हणजे लोकांनी त्याच्याशी व्यवहार करावा इतपत तो शुद्ध होतो. पाप गेले असे स्मृतिकार तेथे म्हणत नाही. हा विवेक त्या कळीला तंतोतंत लागू पडतो. हात घसरला, मांजराने कोपराला धक्का दिला, लेखणी नको तेथे टेकली, ही अज्ञानकृत रेघ. ती गेली म्हणजे गेली, तिचा शोक करू नये. पण कष्ट चुकवावेत म्हणून दुसऱ्याच्या चित्रावरून उचललेली मान, निरीक्षण न करता सवयीने काढलेला डोळा, खुशामतीसाठी गुळगुळीत केलेला चेहरा, ही इच्छापूर्वक काढलेली रेघ. ती पुसल्याने चित्र प्रदर्शनात मांडण्यापुरते व्यवहार्य होते, आणि चित्रकार जेथे होता तेथेच राहतो.

बुद्धवचन याहूनही पुढे जाते. चेतना म्हणजे संकल्प, आणि तोच कर्म, असे तेथे सांगितले आहे. संयुक्त निकायातील एका सूत्रात चितारी घोटून गुळगुळीत केलेल्या फळ्यावर, भिंतीवर वा कापडावर माणसाची आकृती रेखाटतो असा दृष्टांत असून, कोणत्याही चित्रापेक्षा चित्त अधिक विचित्र आहे, असे भगवान सांगतात. या दृष्टीने पाटीला न टेकलेली लेखणीसुद्धा सर्वस्वी निर्दोष ठरत नाही. आपला योगशास्त्री त्यालाच संस्कार म्हणेल: रेघ पडद्यावरून गेली तरी ती काढण्याचे वळण हातात बसले, आणि तीच रेघ वीस वेळा काढून वीस वेळा पुसणाऱ्याचा हात एकविसाव्या वेळी त्याच वळणाने जातो. फोटोशॉप मुळात मागची ५० पावले लक्षात ठेवते आणि फाइल बंद करताच तीही विसरते. हाताच्या दफ्तराला अशी मर्यादा नाही.

एवढे सारे मी भाचीला एका संध्याकाळी ऐकविले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामा, तुम्ही वर्गात रबर वापरू देत नव्हता. मी तुमच्याच वर्गात होते. अर्धा वर्ग चुकेल म्हणून कागदाला हातच लावत नसे." मी निरुत्तर झालो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसविलेल्या मुलांपैकी किती जणांनी माझ्या त्या नियमापायी पेन्सिल कायमची खाली ठेवली, याची नोंद कोठल्याही वहीत नाही, आणि माझे ते कर्म मागे घेण्याची कळ कोठल्याही लेखणीवर नाही. ज्याला चूक करण्याचे भय नाही तोच चुकीतून शिकू शकतो, ही तिची बाजू माझ्या साऱ्या स्मृतिवचनांइतकीच सबळ आहे.

तरीही मी एक विनंती केली: जाणून काढलेली रेघ पसंत पडली नाही तर ती पुसू नये, तो थर लपवून नव्या थरावर काढावे, म्हणजे खोडल्यासारखे होईल. तिने आठवडाभर ते पाळले. थर शंभरावर गेले, फाइल अवजड झाली, तिचा लॅपटॉप रखडू लागला आणि प्रयोग संपला. आता ती महत्त्वाच्या चित्रांपुरतेच तसे करते, आणि मला ते पुरेसे वाटते.

दिवाळीच्या सुमारास लेखणीचे टोक एका अंगाने तिरके झिजलेले तिला आढळले. तिने हिशेब केला तर तोवर पुरी झालेली चित्रे अवघी नऊ होती. बाकीची झीज पुसलेल्या रेघांची. सोबत आलेल्या कडीने तिने टोक उपसून नवे बसविले. पाटीच्या मधोमध, जेथे हात सर्वांत अधिक चालतो तेथे, तळहाताएवढा भाग गुळगुळीत होऊन चमकू लागला आहे, आणि तो बदलण्याची काही सोय नाही.