लिंबावरची अळी

मे महिन्याच्या सुट्टीत धर्मशिक्षण वर्गातील मुलांना घेऊन आम्ही नायगावहून तुंगारेश्वरच्या अभयारण्यात गेलो होतो. २००३ साली घोषित झालेले, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे अरण्य आम्हा वसईकरांच्या इतके उशाशी आहे, की त्याची आठवणच फारशी होत नाही. ओढे आटले होते. कोठेतरी तांबट एकसारखा टुकटुकत होता. जेथे थोडी ओल उरली होती, तेथे फुलपाखरे मातीला सोंड लावून निश्चल बसली होती. ती बहुतांशी नर असतात व मातीतील क्षार शोषून घेतात, असे सांगताच मिठागरांच्या गावची ती मुले खुदकन हसली.

त्यांत काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे एक होते. "याची अळी लिंबाच्या पानांवर वाढते. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते," मी म्हणालो.

एक मुलगी थबकली. "फादर, आमचे आजोबा औषध मारतात, तीच का ही?"

तीच. जे पाहावयास आम्ही एवढ्या उन्हात आलो, तेच आम्ही घरी मारीत होतो.

प्रभू येशूने आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगितले. आपण मात्र माणूस त्यांहून मोलाचा, एवढेच ध्यानात ठेवले. एक अधिक मोलाचा म्हणजे दुसरा कवडीमोल, हे गणित आपले, प्रभूचे नव्हे. बाजारात स्वस्तात विकल्या जाणाऱ्या चिमणीचाही पित्याला विसर पडत नाही, हेही त्यानेच सांगितले. परमेश्वराचा चांगुलपणा एकाच जीवातून पुरता प्रकट होऊ शकत नाही, म्हणून सृष्टीत एवढे वैविध्य, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्याच विचाराचा आधार घेतला.

परंतु हे वेदीजवळून सांगणे सोपे. ज्याने विहिरीचे पाणी घालून रोप जगवले, त्याचा त्याच्या पानांवर हक्क नाही काय? निश्चित आहे. तरीही मोशेच्या नियमशास्त्रात शेताच्या कडा गरिबासाठी व परक्यासाठी राखावयास सांगितले आहे. तेथे अळीचा उल्लेख नाही, हे मला ठाऊक आहे. पण धन्याचा हक्क अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही, हा त्या नियमाचा गाभा मला येथेही लागू वाटतो.

पुढल्या रविवारी मिस्सानंतर ते आजोबा भेटले. "बांधावरचं एक झाड सोडलंय, फादर. पोरीनं हट्टच धरला. बाकीच्यांवर मात्र फवारा मारणार," असे त्यांनी मला बजावले.